उस्तादांचे तंबू

कुठल्याही चित्रात फक्त तंबू पाहणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. सौदीतल्या अबकैकच्या आमच्या ऑफिसातले ते सर्वांत जुने ड्राफ्ट्समन, मूळचे बैरूतचे आर्मेनियन. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. जुन्या आर्मेनियन हस्तलिखितांतल्या चित्रांचं एक जाडजूड पुस्तक त्यांच्या टेबलावर असे, ख्रिस्ती चित्रं जप्त करणाऱ्या कस्टमवाल्यांच्या भीतीनं पाइपांच्या कॅटलॉगचं कव्हर घातलेलं. पानावर राजा असो की लढाई, उस्तादांचं बोट थेट तंबूवर. "बघ हबीबी, लाल कापड, वर सोन्याचा गोळा आणि खुंटी एकही नाही. हा चित्रकार तंबूत कधी झोपला नसणार." ऑफिसच्या पिकनिकला उभारलेला तंबू त्यांनी सोडवून पुन्हा बांधायला लावला होता, तोवर बिर्याणी गार. मी चिडून कारण विचारलं, तर म्हणाले, "माझी आई तंबूत जन्मली. तिच्या माणसांना घरातून हाकलून वाळवंटात नेलं होतं. तो तंबू कुणी रंगवला नाही."

कुवेत पडलं आणि आमच्या हायवेच्या कडेनं तंबूच तंबू झाले. उस्ताद पेन्सिल घेऊन रोज तिकडे जायला लागले.

"उस्ताद, ते लष्कराचे आहेत," मी बजावलं.

"पुस्तकातले तरी कुणाचे आहेत?"

एका दुपारी पोलिसांनी त्यांना उचललं. मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसे आणि मला थोडं अरबी येई, म्हणून कफीलच्या, म्हणजे आम्हाला व्हिसा देणाऱ्या मालकाच्या, माणसानं मलाही साक्षीला चौकीवर नेलं. टेबलावर उस्तादांची चित्रं पसरली होती. खाकी तंबूंवर त्यांनी सोन्याचे गोळे बसवले होते आणि एकात मुकुटवाला राजा. अधिकाऱ्यानं विचारलं, "हा राजा कोण?"

"जुना आहे. मेलाय," उस्ताद म्हणाले.

हेरगिरी सिद्ध झाली नाही, पण त्यांना निर्दोष ठरवायला कुणाला सवड नव्हती. कफील म्हणाला, "खलास," आणि उस्तादांच्या पासपोर्टवर देश सोडण्याचा, एक्झिटचा शिक्का बसला. उस्तादांच्या हाताखाली तयार झालेली मंडळी दुसऱ्याच दिवशी सांगू लागली, "मला आधीपासून संशय होताच." कंपनीनं त्यांचा गॅस मास्कही परत घेतला. क्षेपणास्त्रांचे सायरन त्याच आठवड्यात सुरू झाले होते.

आमच्याकडची विमानं बंद होती, म्हणून जेद्दाच्या बसपर्यंत त्यांना सोडायला मी आणि बायको गेलो. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "चला, घरी निघालात."

"घर कुठे आहे ते तिकीट काढणाऱ्याला ठाऊक," उस्ताद म्हणाले.

मग बायकोकडून पोळीभाजीचा डबा घेतला, तो गरम आहे का ते हात लावून पाहिलं आणि बस वळेपर्यंत मांडीवर दोन्ही हातांनी धरून ठेवला.