चुकीच्या दाताला लवंग

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास मी फोनवर एका बाईंना समजावत होते, की तुमच्या बिल्डिंगची लिफ्ट बघायला आमचा माणूस निघालाय, जरा धीर धरा. 'धरा' म्हणताना माझ्या उजव्या जबड्यातून अशी कळ निघाली की थेट कानात शिरली. "हॅलो? हॅलो?" बाई विचारत होत्या. मी फोन ठेवून दिला. अठरा वर्षांच्या नोकरीत तक्रारीचा फोन मी पहिल्यांदाच असा मध्येच ठेवला.

मी लिफ्टची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत तक्रारींच्या टेबलावर बसते. महापेला ऑफिस आहे. दिवसभर बोलणं हेच माझं काम, त्यामुळे तोंड बंद ठेवून दुखणं सोसायची सोय नाही. त्या दिवशी दर फोनला कळ येत होती. दुपारी डबा उघडला आणि तसाच बंद केला.

कोणता दात दुखतोय हे मला पक्कं ठाऊक होतं. वरचा, मागून दुसरा. त्यात सहा वर्षांपूर्वी सिमेंट भरलेलं होतं आणि थंड पाणी लागलं की तो अधूनमधून कुरकुर करायचा. दाखवू, दाखवू म्हणत मी ते ढकलत आले होते. आधी मुलीची बारावी, मग घराचा रंग, मग असंच काहीतरी. शेजारच्या टेबलावरच्या बाईने पर्समधून लवंग काढून दिली. मी ती वरच्या दातावर दाबून धरली आणि संध्याकाळपर्यंत काम रेटलं.

घरी तेव्हा मी आणि आबा, दोघंच होतो. नवरा कंपनीच्या कामाला तीन आठवड्यांसाठी इंदूरला गेला होता, मुलगी नोकरीला बेंगळुरूला. आबा म्हणजे माझे सासरे. साताऱ्याकडून तरुणपणी आले, आणि पुढे वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात त्यांनी आयुष्यभर पाठीवर गोणी वाहिल्या. सत्त्याहत्तराव्या वर्षीही पाठ ताठ आहे, पण कान गेलेत. ऐकायचं मशीन आणून दिलं तर "त्यात वारं वाजतंय" म्हणून त्यांनी ते कपाटात ठेवून दिलं. त्यांच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं.

आणि शुक्रवारी सकाळी माझं तोंडच उघडेना. टूथब्रश आत जाईना. आरशासमोर उभी राहून जोर लावला तर जेमतेम बोट जाईल एवढी फट पडली आणि डोळ्यांतून पाणी आलं.

मी स्वयंपाकघरातून बाहेर आले आणि दात आवळूनच म्हणाले, "आबा, आज भाकरी नाही."

"आं?"

"भाकरी. नाही."

"चाकरी न्हाई?" आबा खुर्चीतून उठलेच. "काढलं का काय तुला कामावरनं?"

मी कपाळावर हात मारला. लाइट बिलाच्या मागे मोठ्या अक्षरात लिहून दिलं, दात दुखतोय, बोलता येत नाही, खिचडी करते. ते कागद घेऊन चष्मा शोधायला आतल्या खोलीत गेले आणि तिथे टीव्ही लावून बसले. अर्ध्या तासाने बाहेर येऊन विचारतात, "भाकरीला उशीर हाय का?"

ऑफिसला सुट्टी कळवली आणि आमच्या नेहमीच्या दाताच्या डॉक्टरांना फोन लावला. शनिवार-रविवारला जोडून सोमवारची सुट्टी आली होती. रिसेप्शनवरची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर गावी गेलेत मॅडम. मंगळवारी या ना. तोपर्यंत जरा सहन करा हां." तो आवाज ऐकून माझं डोकं सणकलं. रोज मी लोकांशी ह्याच आवाजात बोलते. दुसऱ्या दवाखान्यात कुणी फोन उचलला नाही. तिसऱ्यात नव्या पेशंटला बुधवारची वेळ होती.

नवऱ्याचा फोन आला. मी "हं" आणि "हंहं" एवढंच बोलू शकत होते.

"अगं नीट बोल ना, काही कळत नाहीये," तो म्हणाला. "तू टेन्शन घेऊ नकोस. गोळी घे एखादी."

टेन्शन मी घेतलेलं नव्हतं. गोळी घेतली होती, तिसरी. पण हे सांगायला तोंड हवं.

समोरच्या फ्लॅटमधल्या काकू संध्याकाळी आल्या. त्यांनी मिठाची पुरचुंडी बांधून दिली. तव्यावर गरम करायची आणि गालाला शेकायची. मी शनिवारी दिवसभर शेकलं. मधूनमधून वरच्या दाताला लवंगेचं तेल, हळद, एकदा कापूरसुद्धा. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी पेरूचा पाला चावायला सांगितला. चावायला! ज्या बाईला पाणी चमच्याने प्यावं लागतंय तिला पाला चावायला सांगणाऱ्या माणसाला मी मनातल्या मनात ज्या शिव्या घातल्या त्या आबांच्या मार्केटातल्यासुद्धा नव्हत्या. वर आणखी मी नवऱ्याच्या औषधांच्या डब्यात सापडलेल्या, घशासाठी कधीतरी आणलेल्या दोन कॅप्सूल गिळल्या. कशाच्या होत्या ते पाहिलंही नाही.

आबा मिश्रीची डबी घेऊन समोर उभे राहिले. "चिमटीभर लावून बघ."

ही मिश्री घरातून जावी म्हणून मी बावीस वर्षं भांडतेय. मी इतक्या जोरात मान हलवली की जबड्यात पुन्हा कळ आली. मग त्यांनी माझ्या हातातली पुरचुंडी पाहिली.

"शेकू नगंस. सूज वाढंल."

मी ऐकलं नाही. आबा सगळ्यालाच 'नगं' म्हणतात. मिक्सरची चटणी नगं, एसी नगं, कानाचं मशीन नगं. आता शेकणंही नगं. मी आत जाऊन पुरचुंडी पुन्हा तव्यावर ठेवली.

रविवारी सकाळी आरशात जो चेहरा दिसला तो माझा नव्हता. उजवा गाल वांग्यासारखा चकचकीत, त्या बाजूचा डोळा बारीक झालेला, आणि जबड्याच्या खाली हात लावला तर कडक गोळा. चहाचा घोट गिळताना घशाशी अडला. मला पहिल्यांदा भीती वाटली. त्याआधीचे तीन दिवस फक्त चीड येत होती.

आबा पेपर घेऊन आले आणि माझ्याकडे बघत थांबले. पेपर टेबलावर ठेवला. मग पुढे येऊन त्यांनी उलटा हात माझ्या जबड्याखाली लावला. लग्नाच्या दिवसापासून आजवर त्यांचा हात फक्त नमस्कार केल्यावर माझ्या डोक्यावर आला होता. मी तशीच उभी राहिले.

"ताप हाय," ते म्हणाले. "आमच्या टोळीत एक गडी व्हता. कोरेगावचा. त्याचीबी दाढ अशीच सुजली. त्यो शेकत बसला चार दिस. सूज उतरली ती गळ्यात. श्वास घेता यीना त्येला. आमी हातगाडीवर घालून न्हेला दवाखान्यात. महिनाभर पडून व्हता." त्यांनी पायात चपला घातल्या. "वाचला. पर आवाज गेला त्येचा. तू चल."

कुठे, असं मी हाताने विचारलं.

"तळवलीत डाक्टरीन हाय. खाली वॉचमनला इचारून आलोय मगाशी. ऐतवारी उघडं असतंय."

आम्ही घणसोलीत राहतो, तळवली गाव आमच्या टॉवरपासून रिक्षाने दहा मिनिटांवर. त्या गावातून मी आजवर फक्त रस्ता वाचवायला गेले होते. गावातल्या कुणा डॉक्टरणीसमोर तोंड उघडायची कल्पना मला अजिबात पसंत नव्हती. पण नाही म्हणायलाही तोंड उघडावं लागतं, आणि आबांना ते ऐकू जावं लागतं. आम्ही निघालो.

रस्त्यात किती स्पीडब्रेकर आहेत हे मी मोजू शकले असते. आबा रिक्षावाल्यावर दोनदा ओरडले, "हळू घे की लेका, बाय आजारी हाय माझी."

दवाखाना एका दुमजली घराच्या तळमजल्यावर होता. बाहेर ओट्यावर चपलांची रांग. आत कवळी लावायला आलेली एक म्हातारी होती, तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि न बोलता आपला नंबर मला दिला. डॉक्टरीण तिशीची, गावातलीच. बोलणं आमच्यासारखंच मुंबईचं, पण मधूनच गावाची बोली डोकावायची.

"कदीपासून दुखतंय?" तिने विचारलं.

मी बोटं दाखवायच्या आत आबा म्हणाले, "सत्त्याहत्तर पुरी झाली."

"वय नाय आजोबा, दुखनं! कदीपासून? ताप हाय का?"

"चा नगं. सकाळीच झालाय."

खुर्चीत आडवं पडल्यापडल्या मी डोळे मिटून घेतले. अठरा वर्षं मी लोकांच्या तक्रारी नोंदवतेय, आणि माझी स्वतःची एक साधी तक्रार नोंदवायला मला जमत नव्हतं. शेवटी टेबलावरचं पेन घेतलं आणि तिच्या पॅडवर लिहिलं: चार दिवस. वरचा, मागून दुसरा. काढून टाका.

तिने ते वाचलं. माझ्या ओठांमध्ये पट्टीसारखं काहीतरी धरून तोंड किती उघडतंय ते मोजलं, आरसा कसाबसा आत सरकवला आणि वरच्या दातावर हलकेच टकटक केली. मी तयारीत होते, हातांनी खुर्ची घट्ट धरली होती. काहीच झालं नाही. पुन्हा टकटक. काही नाही. मग तिने सगळ्यात मागे, खाली, हिरडीला नुसतं बोट लावलं आणि मी खुर्चीतून हातभर वर उडाले.

"वरचा काडला तर उद्या परत याल," ती म्हणाली, "आनि मला शिव्या घालाल. वरचा चांगला हाय तुमचा. अक्कलदाढ सडलीय खालची."

मी पॅड ओढलं आणि 'वरचा' ह्या शब्दाखाली दोन रेघा मारल्या. आत्ता हे लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा खरंच वाटत होतं की हिला कळत नाहीये. दात माझा, दुखतोय मला, आणि ही मला सांगणार कुठे दुखतंय ते! तिने वाद घातला नाही. एक्स-रे काढला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवला. वरचा दात आपल्या जागी धडधाकट उभा होता. खाली, सगळ्यात मागे, एक दाढ आडवी पडून पुढच्या दाढेला धडकली होती, आणि तिच्याभोवती काळी सावली होती.

चार दिवस मी चुकीच्या दाताला लवंग लावत होते.

"मग ती काढा," मी लिहिलं.

"आज नाय. एवढी सूज असताना भूल नीट चढत नाय. आदी पू काढते, सूज उतरू दे, तोंड उघडू दे. मग काढू." मग तिने गालावर बोट ठेवलं. "शेकलंत का?"

मी मान डोलावली. आबांना बहुतेक खूण कळली. "म्या सांगितलं व्हतं," ते मोठ्याने म्हणाले, बाहेरच्या म्हातारीलाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "म्या सांगितलं व्हतं शेकू नगंस!" मी लिहून दिल्यावर त्या दोन कॅप्सूलचाही हिशेब तिने मागितला आणि मला चांगलंच झापलं.

पू काढला तेव्हा तोंडात जी चव आली तिचं वर्णन मी करणार नाही. दुखलं, पायाची बोटं आखडली, मी हात झटकला तर तो आबांच्या हातात गेला, आणि त्यांनी तो गोणी धरतात तसा पक्का धरून ठेवला. दोन मिनिटांत सगळं झालं. आणि मग चार दिवस कानात, कपाळात, दाढेत जे ठोकत होतं ते हळूहळू थांबलं. मला रडू आलं. डॉक्टरीण म्हणाली, "आता रडताय होय? आता बरं वाटायला पायजे." गोळ्या लिहून दिल्या. गिळायला आणखी त्रास झाला, श्वास लागला, सूज गळ्यावर उतरली तर माझी वाट न बघता सरळ मोठं हॉस्पिटल गाठायचं, असं तिने बजावलं. आबांना तेच कानाशी तोंड नेऊन दोनदा सांगितलं. त्यानंतर दोन दिवस ते दर तासाला माझ्या खोलीच्या दारात येऊन विचारत, "श्वास येतुया न्हवं?"

येत होता. बुधवारी दोन बोटं तोंडात गेली. पुढच्या शनिवारी तिनेच दाढ काढली. पाऊण तास लागला, तुकडे करून काढावी लागली, पण भूल चढली होती, त्यामुळे मला फक्त आवाज ऐकू आले. त्या संध्याकाळी नवरा इंदूरहून परतला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "बरी तर दिसतेस. फोनवर मला वाटलं काय झालंय काय!" मी तोंडात कापसाचा बोळा धरून बसले होते. त्याचं नशीब.

आठवडाभर मऊ भात, पातळ वरण, ताक. आबाही तेच जेवत होते, एक शब्द न बोलता. टाके काढल्याच्या दुसऱ्या दिवशी मी ज्वारीची भाकरी केली, आमटी केली, त्यात स्वतःची भाकरी कुस्करून डाव्या बाजूने सावकाश जेवायला बसले. आबांनी पहिला घास घेतला.

"मीठ न्हाई."

"आहे मीठ!"

"आं?"

"मीठ आहे म्हटलं! तुमच्या तोंडाची चव त्या मिश्रीने गेलीय!"

"मिश्रीचं नाव काढू नगंस. आमटीत मीठ न्हाई ते बोल!"

"आणि ते कानाचं मशीन उद्यापासून लावायचं! मला ह्यापुढे ओरडायला जमणार नाही!"

"वराडतीयास की आता!"

वराडत होतेच. तोंड पूर्ण उघडून, जीभ मोकळी फिरवत, ओल्या जखमेची पर्वा न करता. नवरा ताटावरून उठून खिडकी लावायला गेला. मी आमटी चाखून पाहिली. मीठ खरंच नव्हतं. मी डबा आणला, दोघांच्या वाटीत चिमूट चिमूट टाकलं, आणि भांडण जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू केलं.