मोझेलबाईंच्या घरचे तेरा आकडे

पुण्यात यहुदी आहेत का, असं कुणी विचारलं की रास्ता पेठेतल्या मोझेल पेणकर उलट विचारायच्या, "आपण पुणं पाहिलंय का?" बाई पंचाहत्तरीच्या, जिभेला धार, पण छातीत दम नाही. आणि पेसाहच्या सणाला जेवणानंतर म्हणायचं आकड्यांचं गाणं तर सगळं दमाचंच. एक देव, आज्ञांच्या दोन पाट्या, तीन पूर्वज, चार माता, असं तेरापर्यंत चढायचं आणि दर आकड्याला पुन्हा एकापर्यंत उतरायचं. पेणकरांकडे आकडे माणसांत वाटलेले. माणसं इस्रायलला गेली, काही देवाघरी. गेल्या वर्षी सगळे आकडे एकटीने म्हणताना बाई सातावर खोकत बसल्या. गाणं अर्धं राहिलं, ते त्यांना फार लागलं.

यंदा त्यांनी शेजारच्या प्रेमला साळव्यांना धरलं. प्रेमला ख्रिस्ती, निवृत्त नर्स, आवाज खणखणीत. महिनाभर दुपारी तालीम चालली.

सणाला इस्रायलमधल्या अश्दोदहून धाकटे दीर सिम्सन आले. मनुकांचं सरबत झालं, गाणं सुरू झालं. चार आला आणि प्रेमलाने ठणकावलं, "चार शुभवर्तमानं!" लहानपणी चर्चमध्ये घोकलेलंच तोंडी आलं.

सिम्सन ताडकन उठले. "वहिनी, आपल्या टेबलावर येशूचं?"

"चुकले हो. मी जाते," प्रेमला पुटपुटली.

"कुणी हलायचं नाही!" मोझेलबाई कडाडल्या. "भावोजी, चुकलं की त्याच आकड्यापासून पुन्हा, हा नियम तुमच्या आईचा. लहानपणी तुम्ही दरसाल चुकायचात. तुम्हाला कुणी घालवलं होतं?"

"पण हे वेगळं..."

"टेबल आपलं म्हणता, मग मला दवाखान्यात कोण नेत होतं? तुम्ही?"

पाहुणीसाठी घरच्या माणसाला असं खडसावायला नुसता संताप पुरत नाही, दम लागतो. सिम्सन बसले.

"चार," बाई म्हणाल्या.

"सारा, रिबका, राहेल, लेआ," प्रेमलाने एकेक नाव सावकाश म्हटलं.

योसेफाच्या स्वप्नातल्या अकरा ताऱ्यांवर बाईंचा दम तुटला. "बारा वंश," सिम्सननी पुढचं उचललं आणि प्रेमलाकडे वळले. "तुमच्यात बारा कोण?"

"शिष्य."

"यहुदीच की सगळे!"

"मग? वंशाला एक, म्हणून तर बारा."

मोझेलबाईंना हसू फुटलं, हसण्यात खोकला. दोघे तेरापर्यंत चढले आणि उतरायला लागले. बाई टेबलाला धरून श्वास साठवत राहिल्या. एकाचा आकडा त्यांनी कुणालाच दिला नव्हता. तो आला, तशा त्या उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "एक देव!"