लाल मातीचं निकेल

भट्टीवर उभा राहिला की हेमराज कोणाला जुमानत नसे. दुर्गजवळच्या रसमड्याच्या त्या लहानशा कारखान्यात स्टेनलेस स्टीलचे पंपाचे भाग ओतले जात. वितळलेल्या मालाचा नमुना तपासून आला, की जे कमी पडलं असेल ते भट्टीत घालायचं, हे त्याचं काम. बाप गोंदियाकडची शेती सोडून भिलाईला आला आणि पोलादाच्या प्लांटची नोकरी पुरी करून सेक्टर २ च्या क्वार्टरमधून रिटायर झाला. पोराचं प्लांटमध्ये काही जमलं नाही. मग उरलं रसमडा.

त्याच भट्टीवर त्यानं धाकट्या बहिणीच्या, विजयाच्या, नवऱ्याला आणलं होतं. शालिकराम आमगावात आपला बरा होता. पण "मी हाय ना, जावई, चला" म्हणत हेमराजनं विजयासकट त्याचं बिऱ्हाड दुर्गला उचलून आणलं. आता मोहन नगरच्या एकाच गल्लीतल्या दोन चुली त्या एका भट्टीच्या जिवावर पेटत होत्या. कारखान्याच्या गेटच्या आत सगळी हिंदी. मराठी फक्त घरात, आपल्या माणसांत.

त्या वर्षी कारखान्याच्या परदेशी गिऱ्हाइकाला उपरती झाली. स्टीलमधलं निकेल कुठल्या खनिजाचं, असं ते विचारू लागलं. एक निकेल लाल मातीचं. दूरच्या बेटांवरचं जंगल तोडून ती माती खणतात आणि मरणाचा कोळसा जाळून तिच्यातून फेरोनिकेलची, म्हणजे निकेल-लोखंडाची, ढेकळं काढतात. स्वस्त पडतं, म्हणून आजवर सगळ्यांना गोड लागत होतं. दुसरं खोल खाणीतल्या दगडाचं. महाग, पण त्याच्या माथी धूर कमी. आता पाहिजे होतं ते दुसरं.

मॅनेजर देवेंद्र साहेबांनी त्याचा एक ड्रम मागवला आणि हेमराजला एवढंच सांगितलं, "आज नए ड्रम का ही माल डालना." का, ते सांगितलं नाही. मजुराला कारणं सांगत बसायची आपल्याकडे रीतच नाही. ऑर्डर गेली तर भट्टी बंद, हे मात्र झाडूवालीलाही ठाऊक होतं.

गिऱ्हाइकाची माणसं चाचणी बघायला आली त्या दिवशी नमुना आला आणि निकेल कमी भरलं. ड्रम तर खडखडीत रिकामा. साहेब पाहुण्यांना चहा पाजत ऑफिसात बसलेले. आत माल उकळत होता. हेमराजनं नेहमीसारखी कोपऱ्यातल्या जुन्या ढिगातली ढेकळं उचलली आणि दिली टाकून. दुसरा नमुना चोख उतरला. ओतलेला माल असा देखणा निघाला, की त्याला स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटली.

गिऱ्हाइकाच्या वतीनं तपासायला आलेली प्रेरणा नागपूरची होती. शालिकराम साच्यांच्या फार जवळ गेला, तसा हेमराज ओरडला, "जावई, तिकडं सरका, आच लागंल!" ती थबकली आणि हसून म्हणाली, "अरे, तुम्ही मराठी?"

झालं. इतक्या वर्षांत त्या शेडमध्ये जावई सोडून कोणी त्याच्याशी मराठीत बोललं नव्हतं. माहेरचं माणूस भेटावं तसा तो खुलला. तिला साच्यांपाशी घेऊन गेला, एकेक भाग दाखवू लागला.

"निकेल कमी आलं होतं जी," तो अभिमानानं म्हणाला. "नवा ड्रम खतम. मंग जुन्या ढिगातलं टाकलं ना मी. कोनाले समजलं बी नाई."

तिचं हसू मावळलं. "दादा, ते लाल मातीचं होतं ना?"

"निकेल तं निकेलच हाय ना जी?"

तिनं वही उघडून ते टिपून घेतलं. तिचा तरी काय दोष? तिनं जे ऐकलं तेच वर कळवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

ऑर्डर गेली. भट्टी थंडावली आणि तिच्या आतल्या अस्तराला तडे गेले. जंगल तोडलं कुठल्या बेटावर आणि कुलूप लागलं रसमड्यात! इथं वाळत घातलेल्या साडीवर रोज काळी भुकटी बसते. तिचं काय, हे विचारायला मात्र आजवर कुठलं गिऱ्हाईक आलेलं नाही.

साहेबांनी कामगारांना सांगितलं, "मार्केट डाउन है." हेमराजकडे त्यांनी एकदाच पाहिलं. ऑर्डर आपल्याच तोंडानं गेली, हे त्याला त्या एका नजरेत कळलं. घरी त्यानं कोणाला काही सांगितलं नाही.

शालिकरामनं आमगावला परत जायचं ठरवलं. हेमराज निरोपाला गेला तेव्हा विजया भांडी पोत्यात भरत होती. हात थांबवून तिनं विचारलं, "भाऊ, खरं सांग. चांगली चालून राहिली होती भट्टी. कावून बंद पडली?"

सांगून टाकावं असं त्याला फार वाटलं. शब्द ओठांवर आले, ते मराठीच होते. याच बोलीत तो त्या दिवशी बोलून बसला होता.

"मार्केट डाउन है," तो म्हणाला.

विजया त्याच्याकडे बघतच राहिली. जन्मात भाऊ तिच्याशी हिंदीत बोलला नव्हता.