वाकलेल्या सुया

"मला धर्म नाही," असं ते हात जोडूनच सांगत.

आयर्लंडमधल्या शॅननच्या आमच्या कारखान्यात हृदयाच्या कृत्रिम झडपा हाताने शिवल्या जात. शिवणाऱ्या बायकांना शिकवायला हे गृहस्थ जपानहून आले होते.

पहिल्याच वर्षी आमच्याकडे गणपतीला आले. मूर्तीपुढे वाकले, जपानी देवळात वाजवतात तशा दोन टाळ्या वाजवल्या, पुन्हा वाकले आणि तीन मोदक खाल्ले. रविवारी बघावं तर घरमालकिणीबरोबर चर्चमध्ये शेवटच्या बाकावर. बायको म्हणाली, "माणूस गोड आहे, पण याचा थांग लागत नाही." तुम्हीही असं कुणी पाहिलं असेल. सगळीकडे वाकतो, म्हणून कुठेच खरा वाटत नाही.

फेब्रुवारीत आमच्या आयरिश सुपरवायझरने मला बाजूला घेतलं. हा माणूस वाकलेल्या सुया खिशात घालतो, जरा लक्ष ठेव, म्हणाला. मोडकी सुईसुद्धा कारखान्याबाहेर नेली तर नोकरी गेलीच. चोरी, हेरगिरी, काय काय माझ्या डोक्यात येऊन गेलं. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्या मागोमाग पार्किंगमध्ये गेलो.

ते गाडीत बसले होते. मांडीवर डबा, डब्यात पनीरसारखा पांढरा टोफू, आणि त्यात ते एकेक सुई हळूच खोचत होते. मला बघून दचकलेसुद्धा नाहीत.

"जन्मभर टणक टोचलं यांनी," ते म्हणाले. "शेवटी जरा मऊ."

कोणत्या देवासाठी, मी विचारलं. ते त्यांना माहीत नव्हतं. आई शिवणकाम करायची, दर वर्षी या दिवशी असं करायची, एवढंच म्हणाले. मला काही पटलं नाही. धर्म नाही म्हणायचं आणि नोकरी पणाला लावायची?

त्यांनी स्वतःच सुपरवायझरकडे जाऊन डबा उघडून दाखवला. त्याचाही विश्वास बसला नाही. महिनाअखेरीला त्यांना परत पाठवायचं ठरलं. शिवणाऱ्या बायकांपैकी एकीने त्यांच्या नावाने चर्चमध्ये मेणबत्ती लावली म्हणे.

विमानतळावर सोडायला मीच गेलो. तिथे राहवलं नाही. "आता तरी खरं सांगा, तुम्ही देव मानता ना?"

त्यांनी बॅग खाली ठेवली. मग म्हणाले, "इथे तुम्ही सगळे हेच विचारता. माझ्या आईला कुणी कधी विचारलं नाही."

बॅग उचलून ते आत गेले. तो होकार होता की नकार, गाडीपर्यंत चालत येतानाही मला ठरवता आलं नाही.