झोपवाल्या सरांची चिठ्ठी

आमच्या सौंसरच्या शाळेत गणित शिकवणारे सर होते, भूगोल शिकवणाऱ्या बाई होत्या आणि झोप शिकवणारे हेडसर होते. बाजारात कुणाचे आईवडील भेटले की बाकीचे मास्तर मार्कांची गोष्ट काढत. हेडसर सायकलवरून उतरून पहिलाच प्रश्न विचारत, "पोट्टं किती वाजता झोपते?" नऊच्या पुढचा आकडा ऐकला की त्या माणसाला तिथेच भाजीच्या पाटीशेजारी उभं करून झोपेचं महत्त्व ऐकवत, आणि भाजीवाली बिचारी गिऱ्हाईक सुटायची वाट पाहत बसे. त्यामुळे त्यांचं नाव झोपवाले सर पडलं. त्यांना ते ठाऊक होतं आणि मला वाटतं, मनातून आवडतही होतं.

अंगाने ठेंगणे, पण चालणं असं की शाळा यांच्या आजोबांनी बांधली असावी. सकाळी फाटकात उभे राहून प्रत्येकाचं तोंड निरखत. "तोंड पाह्यलं की मले समजते कोण उपाशी आलं," असा त्यांचा दावा होता. एकदा एका संत्र्याच्या बागायतदाराच्या मुलाला त्यांनी ऑफिसात बसवून मुरमुरे खायला लावले. तो घरून चार पोळ्या खाऊन निघाला होता; आदल्या दिवशी दाढ काढल्यामुळे तेवढा चेहरा उतरला होता. हे कळल्यावर सर जराही ओशाळले नाहीत. म्हणाले, "असू दे. खाल्लेलं वाया नाही जात." चूक झाली तरी ती आपल्या बाजूची कशी आहे हे ते लगेच शोधून काढत.

त्यांचा खरा जीव मात्र चिठ्ठीत होता. जुलैत शाळा उघडली की पहिल्याच दिवशी प्रत्येकाच्या हातात घडी घातलेला कागद पडे. वर ठळक अक्षरांत लिहिलेलं असे, 'मुलांनी उघडू नये.' आत घरच्यांसाठी सूचना. मुलांना नऊला झोपवा. शिळी भाकर चालेल, पण पोटात काहीतरी घालून पाठवा. कापूस वेचायला नेलं असेल तर तसं सांगा, ताप आला म्हणून खोटं लिहू नका. बोलकं पोर एकदम गप्प झालं तर मला येऊन भेटा. निकालाच्या दिवशी त्याला एकटं सोडू नका. त्या काळी आमच्याकडे मुलाच्या मनाला काही होऊ शकतं, हेच कुणाच्या गावी नव्हतं. लोक त्या चिठ्ठीला हसत, पण जपून ठेवत. आमच्या शेजारच्या काकूंनी तर ती गव्हाच्या कोठीवर चिकटवली होती.

मी नववीत गेले त्या वर्षी सरांनी ही चिठ्ठी पहिल्यांदा हिंदीत काढली. शाळा मराठी, गाव मराठी, पण राज्य मध्य प्रदेश, म्हणजे हिंदी. तपासणीला येणारे साहेबही हिंदी. त्या साहेबांनी कागद पाहावा आणि सरांच्या हिंदीला मान डोलवावी, एवढाच त्यामागचा हेतू होता. सरांनी हिंदीच्या दोनतीन परीक्षा दिल्या होत्या आणि ती विद्या पेटीत पडून होती. आमची हिंदी म्हणजे बाजारातली. आम्ही 'पढाई' म्हणत असू. सरांनी 'पढाई' हा शब्द हलका म्हणून टाळला.

माझे बाबा संत्र्याच्या बागेत कामाला होते. मोठेपणी, प्रौढांच्या वर्गात बसून ते वाचायला शिकले होते आणि आलेला कागद स्वतःच वाचायचा, हा त्यांचा अभिमान होता. ओट्यावर बसून, अक्षराखाली बोट फिरवत त्यांनी ती चिठ्ठी वाचली. मग पुन्हा वाचली. खिशात घातली. संध्याकाळी मला हाक मारली, "सुमन, आंगनात ये. उभी राय."

"कायले, बाबा?"

"शाळेचं काम हाये. घंटाभर कान धरून उभी राय."

माझ्या बाबांनी मला कधी टपली मारली नव्हती. रविवारी आम्ही विहारात जायचो तेव्हा वाटेत मुंगळ्यांची रांग दिसली तर ते मला उचलून पलीकडे ठेवत. तेच बाबा समोर बसले होते, माझ्याकडे न पाहता. आईने चहा आणून ठेवला, तो गार झाला. काय चुकलं ते मी तीनदा विचारलं. उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. शाळेत मी कुणाला बोलले नाही. वर्गातली आणखी काही मुलं त्या आठवड्यात अंग चोरून बसत होती, पण ज्याला त्याला वाटे, ही आपल्याच घरची लाजिरवाणी गोष्ट आहे.

चौथ्या संध्याकाळी बाबांनी मला उभं केलं नाही. एवढंच म्हणाले, "उद्यापासून शाळेत जाऊ नोको." आई काही बोलायला गेली तर म्हणाले, "माह्या पोरीले जिथं रोज शिक्षा द्या म्हणतात, तिथं मी तिले नाही पाठवत. ती बागेत काम करन, पण सुखानं राहीन." मी रडून घर डोक्यावर घेतलं. मला शिकायचं होतं. आमच्या वस्तीतून नववीपर्यंत पोचलेली मी पहिलीच मुलगी होते, आणि बाबा चिडून नव्हे तर मायेनं माझी शाळा बंद करत होते. रागाशी भांडता आलं असतं, मायेशी कसं भांडावं ते मला कळेना.

तीन दिवस पोर दिसलं नाही की सर स्वतः घरी जात. तसे ते आले. सायकल लिंबाला टेकवली, बाजेवर बसले आणि नेहमीच्या तोऱ्यात विचारलं, "शामरावजी, पोरगी झोपते ना बराबर?"

बाबा उभेच होते. म्हणाले, "सर, तुमचा मान हाये. पण हे माह्याच्यानं होत नाही. तीन दिवस केलं. मी विहारात म्हणतो का कोनाले दुखवणार नाही, अन् घरी येऊन पोरीले शिक्षा देऊन राहिलो."

"कोण म्हणलं तुम्हाले शिक्षा द्या म्हणून?"

"तुमीच." बाबांनी खिशातला कागद काढून त्यांच्या हातात दिला.

सरांनी तो मोठ्याने वाचायला घेतला. आपली हिंदी मोठ्याने वाचायची संधी ते सोडत नसत. "पालकगण अपने बालकों को घर पर भी प्रतिदिन कम से कम एक घंटा शिक्षा दें, और इसमें ढिलाई न..." एवढ्यावर ते थांबले.

"अहो, ही हिंदीतली शिक्षा हाये," ते हळू म्हणाले. "म्हणजे पढाई."

"पढाई म्हणायचं होतं तर पढाई लिहिलं असतं," बाबा म्हणाले.

सर मान खाली घालून कागदाकडे पाहत राहिले. बाबांचा विश्वास बसला नव्हता, हे मला दिसत होतं. त्यांना वाटत होतं, शिकलेला माणूस आता शब्द फिरवतो आहे. मग सरांनी मान वर केली.

"शामरावजी, विहारात तुम्ही जे म्हणता, ते कसं म्हणता? शब्द सांगा बरं मले."

बाबांनी हात जोडले, डोळे मिटले आणि पहिलं शील म्हणायला लागले. 'सिक्खापदं' या शब्दावर आले आणि थांबले. डोळे उघडले.

"त्याचा अर्थ काय?" सरांनी विचारलं.

"शिकवण," बाबा म्हणाले. "शिकायची गोष्ट."

"तीच सिक्खा, तीच ही शिक्षा."

बाबांनी तो शब्द दोनदा स्वतःशी म्हटला. मग माझ्या पायांकडे पाहिलं आणि खाली बसले. "मंग मी तीन दिवस तिले उगाच..." आणि आयुष्यात कधी माघार न घेतलेले आमचे हेडसर बाजेवरून उठून त्यांच्याशेजारी जमिनीवर बसले. म्हणाले, "चूक माही हाये. मले गावाले सांगायचं होतं, मी साहेबाले दाखवत बसलो." माझ्याकडे वळून म्हणाले, "सुमन, माफ कर बाई मले." नववीतल्या मुलीला हेडसर माफ कर म्हणाले! मी मान हलवली की नाही, हेही मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. पुढचे आठ दिवस सर शाळा सुटली की सायकल घेऊन गावोगाव हिंडत होते. मोहगाव झालं, रामाकोना झालं. प्रत्येक घरी तीच गोष्ट, तीच माफी. काही घरी चिठ्ठी कुणी वाचलीच नव्हती, तिथे ते उलट रागावले. एका गृहस्थाने तर सांगितलं, "सर, मले तर तुमची सूचना लय पटली होती." त्याच्या ओट्यावर सर तासभर बसून होते म्हणे.

घंटाभर शिकवायचं म्हणजे काय करायचं, हा बाबांना प्रश्न पडला होता. त्यांना तर माझी पुस्तकं येत नव्हती. सर म्हणाले, "तुम्ही नुसते समोर बसा. ती वाचन, तुम्ही ऐका." बाबा बसू लागले. इतिहासातले राजे त्यांना फारसे पटत नसत, पण शेतीचा धडा आला की ते लेखकाच्या चुका काढत.

पुढच्या जूनमध्ये सर हाताने लिहिलेला कच्चा कागद घेऊन आमच्या घरी आले. साध्या मराठीत होता. "छापायच्या आधी वाचून पाहा, शामरावजी. तुम्हाले समजलं तर गावाले समजलं." बाबांनी बोट फिरवत वाचला आणि पेन मागितलं. 'निद्रा' खोडून 'झोप' केलं. 'आहार' खोडला. सर शेजारी बसून प्रत्येक शब्दासाठी भांडले आणि प्रत्येक ठिकाणी हरले. संत्र्याच्या बागेतल्या माणसाने हेडसरांचा कागद तपासला, ही बातमी दोन दिवसांत गावभर झाली. ती स्वतः सरांनीच पसरवली होती.

माझी शाळा संपली त्या वर्षी सरांची पांढुर्ण्याला बदली झाली. आम्हाला वाटलं, आता हे संपलं. पण जून आला आणि पोस्टमनने पाकीट दिलं. आत पांढुर्ण्याच्या शाळेसाठी लिहिलेली कच्ची चिठ्ठी, आणि वर एक ओळ, 'शामरावजी, खोडा.' बाबांनी खोडून परत पाठवली. दरवर्षी हे चाले. जून लागला की बाबा बागेतून दुपारी एक चक्कर घरी मारत, पोस्टमन येऊन गेला का विचारायला.

मी छिंदवाड्याला कॉलेजात होते त्या वर्षी पाकीट आलं नाही. सुटीत घरी होते. बाबांनी पंधरा दिवस वाट पाहिली आणि मला म्हणाले, "चाल, जाऊन पाहू." पांढुर्ण्याला पोचलो तेव्हा सरांच्या पत्नीने दार उघडलं; बाईंच्या कपाळाकडे पाहूनच मला कळलं. सर मे महिन्यात गेले होते, झोपेतच. मला तिथे उभ्या उभ्या रडू फुटलं. बाईंनी आम्हाला आत बसवलं, पाणी दिलं आणि कपाटातून एक पाकीट काढलं. वर आमचा पत्ता होता, तिकीट लावायचं राहिलं होतं. "यंदा फार लवकर लिहून ठेवलं होतं," बाई म्हणाल्या.

बाबांनी कागद उघडला. अक्षराखाली बोट फिरवत, एकेक ओळ करून पूर्ण वाचला. मग सवयीने माझ्याकडे हात केला, मी पेन दिलं. त्यांनी पेन उघडून पुन्हा पहिल्या ओळीपासून बोट फिरवलं. शेवटी टोपण लावलं आणि कागद बाईंच्या हातात दिला.

"शाळेत द्या," ते म्हणाले. "याच्यात खोडायचं काहीच नाही. सगळं समजून राहिलं."