कांबळेकाकांची लाल रेघ

कांबळेकाकांचा जीव मी वाचवला होता, असं आज त्यांच्या चाळीत सगळे म्हणत होते.

साफ खोटं आहे. मी त्यांना जवळजवळ मारलं होतं.

फोनवर लिहितेय, टायपिंगच्या चुका सांभाळून घ्या.

काका आमच्या कंपनीत सीनियर मेकॅनिक. टॉवरमधल्या कार पार्किंगची कामं आमची. खाली एक गाडी, वर प्लॅटफॉर्मवर दुसरी. डिप्लोमा करून मी जॉइन झाले तेव्हा मला त्यांच्याच हाताखाली दिलं.

पहिल्या दिवशी म्हणाले, "हे बघ शीतल. पंप तेल ढकलतो, गाडी वर जाते. हा चेक व्हॉल्व्ह तेलाला मागे येऊ देत नाय, म्हणून वर राहते. आणि हा रिलीफ. वजन झेपलं नाय की हा उघडतो, तेल टाकीत परत. ह्याच्या स्क्रूला हात लावायचा नाय. काय?"

"हात लावायचा नाही."

त्या स्क्रूवर ते नेलपॉलिशची लाल रेघ मारायचे. स्क्रूपासून खाली बॉडीपर्यंत, एकच. कोणी स्क्रू जरा जरी फिरवला तर रेघ तुटलेली दिसणार.

नेलपॉलिश अर्थात काकींचं. "तिने बाटलीसाठी घर डोक्यावर घेतलंय," म्हणत खिशातून काढायचे.

परळच्या एका टॉवरमध्ये एक साहेब नवीकोरी मोठी एसयूव्ही घेऊन आले. त्या प्लॅटफॉर्मला ती जडच होती. पंप चालू, गाडी हलेना. रिलीफ व्हॉल्व्ह शिट्टी मारतोय, म्हणजे बिचारा आपलं काम करतोय. मागे गाड्यांची लाइन. सोसायटीचा सेक्रेटरी माझ्या डोक्यावर उभा.

"मॅडम, तुम्हाला जमत नसेल तर कांबळेंना बोलवा ना."

ते लागलं मला. काका त्या दिवशी रजेवर होते.

अर्धा फेरा आवळला मी स्क्रू, म्हणजे रिलीफ लवकर उघडणार नाही, प्रेशर वाढेल.

गाडी वर गेली. सेक्रेटरी थँक्यू म्हणाला. काय भारी वाटलं होतं, सांगू!

मग रेघ दिसली. तुटलेली.

तेव्हाच काकांना फोन केला असता तर चार शिव्या खाऊन विषय संपला असता. पण नाही. मी लालबागच्या मार्केटात जाऊन तसाच लाल रंग शोधला. थिनरने जुनी रेघ पुसली आणि नवी मारली.

तीन आठवडे जेवण गेलं नाही. रोज वाटायचं, उद्या सांगू.

मग त्याच टॉवरमधून कंप्लेंट आली, तेल ठिबकतंय. काका आणि मी गेलो. वर तीच एसयूव्ही उभी.

प्लॅटफॉर्मखाली जायच्या आधी लोखंडी टेकू लावायचा, हा काकांचाच नियम. मला एकदाही त्याशिवाय जाऊ दिलं नव्हतं. पण त्यांनी आधी बॅटरी मारून रेघ बघितली.

"रेघ सलग आहे. म्हणजे प्रेशर बरोबर आहे. सील गेलं असणार. थांब, नुसतं वाकून बघतो."

आणि वाकले. डोकं आत, खांदे आत.

तेलाचा होज, म्हणजे रबरी पाइप, मला दिसत होता. जास्तीच्या प्रेशरने त्याच्यावर फुगवटा आला होता, लिंबाएवढा.

खरं सांगते, एक क्षण असाही गेला की वाटलं, गप्प राहिले तर कदाचित काहीच होणार नाही. कोणाला कळणारही नाही.

त्या एका क्षणाची मला आजही भीती वाटते.

मग शर्ट धरून त्यांना मागे ओढलं. "काका, टेकू!"

"अगं, काय झालं?"

"टेकू लावा आधी. प्लीज."

"बरं बाई. आता तू मला शिकव." हसत हसत लावला.

हात पुसत होते, तेवढ्यात होज फुटला. सुतळी बॉम्बसारखा आवाज. भिंतीवर तेल. प्लॅटफॉर्म एसयूव्हीसकट टेकूवर आदळला आणि तिथेच अडकला. चेक व्हॉल्व्ह ठणठणीत होता, पण होज त्याच्या पुढचा, प्लॅटफॉर्मकडचा. तेल पुढूनच निघून गेलं.

मी जमिनीवर बसले.

काका व्हॉल्व्हकडे गेले. चिंधीने पुसला. रेघेवर नख घासलं.

"ही काकीची शेड नाय."

मी रडायला लागले.

"स्क्रू फिरवलास, ते समजू शकतो. रेघ का मारलीस?"

संध्याकाळी नवा होज लागला. काकांनी गेज बघून स्क्रू मागे घेतला आणि काकींच्या बाटलीने स्वतः रेघ मारली. आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. ऑफिसात माझं नाव मात्र आलं नाही.

घरी त्यांनी काय सांगितलं होतं, ते आज कळलं.

मागच्या आठवड्यात काका गेले. हार्ट अटॅक. आज चिंचपोकळीला, त्यांच्या चाळीत, त्यांच्या आठवणीत पुण्यानुमोदन होतं. सगळ्यांबरोबर मी पंचशील म्हणत होते. चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं, आणि माझा आवाज बंद झाला.

नंतर काकींनी माझे दोन्ही हात धरले.

"हे नेहमी सांगायचे, शीतलने ओढलं म्हणून मी आहे. पोरी, तुझ्यामुळे हे मला चार वर्षं जास्त मिळाले गं."

मी मान हलवली.

नुसती मान हलवली! परत एकदा रेघ मारून मोकळी झाले.

आता चाळीच्या जिन्यात बसून लिहितेय. पाहुणे गेलेत. वरून भांड्यांचा आवाज येतोय, काकी एकट्याच आवरतायत.

आधी वर जाणार. काकींना सगळं सांगणार. मगच हे पोस्ट करणार.

म्हणजे तुम्ही हे वाचताय, याचा अर्थ मी वर जाऊन आलेय.

काका, या वेळी रेघ तुटलेलीच ठेवलीये. बघून घ्या.

शेवटचा जयभीम.