भिंतीवरचा ठिपका

एम.एस्सी.च्या वर्षी मी मुलुंडच्या आमच्या खोलीत भूकंपाची चाहूल शोधत होतो. काचेच्या बरणीत रेशमी दोऱ्याने चुंबक टांगलं होतं, त्याला आरशाचा छोटा तुकडा चिकटवला होता. त्यावर टॉर्चचा उजेड पाडला की समोरच्या भिंतीवर ठिपका दिसे. जमिनीतलं चुंबकत्व बदललं की ठिपका सरके. हे सरकणं आणि पेपरात येणारे कोयनेकडचे धक्के यांचा संबंध मी संख्याशास्त्राने लावत असे. घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. माझ्या आकड्यांवर शंका कोण घेणार?

दिवाळीच्या साफसफाईत बरणी मध्ये मध्ये येते म्हणून मी ती रेल्वेच्या रुळांकडच्या खिडकीत हलवली. त्यानंतर ठिपका फारच थरथरू लागला. आईने विचारलं, "तिकडे काही होणार का रे?" तिची बहीण कोयनेच्या खोऱ्यात एकटी राहायची.

"शक्यता वाढलीय," मी म्हणालो. 'थोडी' म्हणालो होतो असं वाटतं. खात्री नाही.

आईने तिला बोलावून घेतलं. दिवस भरत आलेली म्हैस शेजाऱ्यांवर सोपवून मावशी आली आणि आल्या आल्या तिने फळीवरची भांडी उतरवून जमिनीवर मांडली. धक्क्याने पडू नयेत म्हणून तिच्या गावात तशीच सवय. गाडी गेली की खोली हादरे, आणि ती उठून दारात उभी राही.

"मावशी, गाडी आहे गं."

"आसंल. उभं ऱ्हायला काय पैसं पडत्यात?"

मग हळूच, "म्हस व्याली आसंल का रं?"

एका दुपारी वीज गेल्याने गाड्या बंद पडल्या. ठिपका खिळ्यासारखा स्थिर. गाड्या सुरू झाल्या, तसा पुन्हा नाचायला लागला. गाड्यांची वीज रुळांतून जमिनीत झिरपत होती. इतके दिवस मी तीच मोजत होतो.

संध्याकाळी मी मावशीसमोर बसून सगळं सांगितलं. ती मन लावून ऐकत होती. रागावली असती तर बरं झालं असतं.

"मग आता जाऊ का रं म्हशीकडं?" तिने विचारलं. माझी परवानगी मागत.

मला मान वर करवेना. काहीतरी करायचं म्हणून मी भांडी फळीवर ठेवू लागलो.

"ऱ्हाऊ दे खाली," पिशवी भरता भरता ती म्हणाली. "तुझ्या बरणीला कळलं न्हाई, म्हून व्हनारच न्हाई आसं थोडंच हाय?"